वीतभर गवत, चार बोटं शिल्लक : माळावर मेंढ्यांचा एक हंगाम

मेंढ्या पाळायच्या म्हटलं की पहिला प्रश्न येतो, राखायला कोण जाणार? आमच्या घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाड, कोकणात उतरायचा आणि पावसाच्या तोंडावर माणदेशात परत यायचा. त्यांच्यानंतर मेंढरांमागं कुणी राहिलं नाही. मी दुपारपर्यंत तालुक्याच्या गावी एका दुकानात हिशेबाचं काम करतो. दिवसभर कळपामागं चालेल असं माणूस घरात नाही आणि पगारी मेंढपाळ परवडेल एवढा मोठा कळपही नाही. म्हणून माळाचे कप्पे पाडून, जाळी लावून, मेंढ्या आळीपाळीनं चारायचं ठरवलं. २०२४ च्या पावसाळ्यापासून डिसेंबरपर्यंतचा पहिला हंगाम आता पार पडलाय. मी माहिती शोधत होतो तेव्हा एकतर परदेशातली शेकडो एकरांची कुरणं सापडायची, नाहीतर बंदिस्त शेळीपालन. पाच एकर मुरमाड माळ आणि वीस मेंढ्या असणाऱ्या माणसासाठी फारसं काही नव्हतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

तयारी खरं तर आदल्या वर्षीच्या दिवाळीत सुरू झाली. आमचा माळ सातबाऱ्यावर बराचसा पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारा, म्हणून लागलेला. खाली मुरूम, वर वीतभर माती, कडेनं एक ओढा. वर्षानुवर्षं तिथं कुणाचीही गुरं फिरायची. तो राखायचा म्हणजे शेजाऱ्यांशी बोलणं आलं, आणि ते बोलणं सोपं नव्हतं. दोन घरांनी महिनाभर अबोला धरला. शेवटी पावसाळ्यानंतर कापलेल्या गवतातला थोडा वाटा देईन, या बोलीवर मिटलं. पण राखल्यामुळं एक गोष्ट कळली. नांगर न लावता, बी न टाकता त्या माळावर पवना आणि ओढ्याच्या बाजूनं मारवेल ही चाऱ्याची गवतं आपोआप वर आली. उतारावर मात्र कुसळी गवत होतं. तिच्याविषयी पुढं येईलच.

त्याच काळात राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत अर्ज केला. २०१७ पासूनची ही योजना भटक्या जमाती (क) प्रवर्गातल्या धनगर समाजासाठी आहे. वीस मेंढ्या आणि एक मेंढानर असा गट ७५ टक्के अनुदानावर मिळतो. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला, सातबारा आणि बँकेचं पासबुक आधीच स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा, कारण अर्ध्यात पान बंद पडलं की पुन्हा पहिल्यापासून भरावं लागतं. माझं नाव प्रतीक्षा यादीत गेलं. एप्रिलपर्यंत वाट पाहिली. गवत मात्र यादी लागायची वाट बघत नाही, म्हणून बायकोशी बोलून सोनेतारण कर्ज काढलं आणि गट आपल्याच पैशांनी घ्यायचं ठरवलं. अनुदानाची आशा जरूर धरा, पण हंगामाचं वेळापत्रक तिच्यावर टांगू नका.

मे महिना कुंपणात गेला. बाहेरच्या हद्दीला तीन बाजूंनी आधीची काटेरी कुपाटी होती. ती दुरुस्त केली आणि आतून सौर झटका मशीनच्या दोन तारा फिरवल्या, एक गुडघ्याखाली आणि एक मांडीपर्यंत. मशीन, बॅटरी, सोलर पॅनेल, तार आणि इन्सुलेटर मिळून साडेसतरा हजार रुपये झाले. घरातल्या विजेचा करंट सरळ तारेत सोडायचा विचारही करू नका. ते बेकायदा आहे आणि त्यात माणसं मरतात. झटका मशीन थांबून थांबून ठोका देतं, त्यानं जनावर दचकतं, पण मरत नाही. मेंढीच्या अंगावर लोकर असल्यानं तार पाठीला लागली तर तिला काहीच कळत नाही, नाकाला लागली तर कळतं. म्हणून खालची तार नाकाच्या उंचीला हवी. पहिले चार दिवस मेंढ्या कुंपणाजवळच ठेवून त्यांना एकदा हुंगू दिलं की पुढं त्या तारेपासून हातभर लांबच राहतात. आमच्याकडं लांडगे आहेत, त्यामुळं रात्री मेंढ्या माळावर ठेवायच्या नाहीत, हे पहिल्यापासून पक्कं होतं. रात्री मेंढ्या कोंडायचा वाडा घराशेजारीच.

आतल्या कप्प्यांसाठी नवीन काही शोधलं नाही. रात्री वाड्याभोवती लावतात तीच वाघूर, म्हणजे जाळी. नायलॉनची वाघूर आणि बांबूच्या मेखा, सव्वाशे मीटरचे दोन संच, एकूण अकरा हजार. दोन संच घ्यायचं कारण एवढंच, की मेंढ्या एका कप्प्यात चरत असताना पुढचा कप्पा तयार असतो. एकाच संचावर भागवलं तर जाळी हलवताना मेंढ्या कुठं ठेवायच्या, हा प्रश्न पडतो.

कप्पे किती आणि केवढे, इथं मी सगळ्यात जास्त अडकलो होतो, म्हणून हिशेब उलगडून सांगतो. तीस किलोच्या आसपासची मेंढी दिवसाला साधारण एक किलो कोरडा चारा खाते, म्हणजे ओल्या गवताचं पाणी वजा जाता उरतं ते. एकवीस जनावरांना दिवसाला एकवीस किलो, तीन दिवसांना त्रेसष्ट. एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकट करून आतलं गवत कापलं, वजन केलं, उन्हात कडकडीत वाळवून पुन्हा वजन केलं. चार-पाच जागी असं करून सरासरी काढली तर चौरस मीटरला शंभर ग्रॅमच्या आसपास कोरडं गवत निघालं. त्यातलं निम्मं खाऊ द्यायचं, निम्मं ठेवायचं. म्हणजे चौरस मीटरला पन्नास ग्रॅम. त्रेसष्ट किलोसाठी बाराशे साठ चौरस मीटर लागतात, साधारण साडेबारा गुंठे. एका कप्प्याला पस्तीस-छत्तीस दिवसांची विश्रांती द्यायची आणि प्रत्येक कप्प्यात तीन दिवस राहायचं, तर तेरा कप्पे लागतात. तेरा गुणिले साडेबारा म्हणजे एकशे साडेबासष्ट गुंठे, चार एकरांहून किंचित जास्त. उरलेला एकराला थोडा कमी असा ओढ्याकाठचा तुकडा गवत कापायला राखून ठेवला. मधोमध तीन मीटरचा बोळ, बोळात पाण्याचं पिंप आणि मिठाची चाटण वीट, दोन्ही बाजूंना सहा-सहा कप्पे आणि ओढ्याच्या वळणावर एक वाकडातिकडा तेरावा.

विश्रांती पस्तीस दिवस आणि मुक्काम तीनच दिवस का, याचं उत्तर गवतात कमी आणि मेंढीच्या पोटात जास्त आहे. पावसाळ्यात मेंढ्या मरतात त्या बहुतेक जंतांनी. पोटात राहून रक्त पिणाऱ्या एका जंताची मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. अंडी लेंड्यांतून माळावर पडतात. दमट, उबदार हवेत पाच-सात दिवसांत त्यांतून निघालेली अळी गवताच्या पात्यावर चढून पुन्हा मेंढीच्या पोटात जायला तयार होते. म्हणजे तीन दिवसांत कप्पा सोडला, तर स्वतःच टाकलेली अळी खायची वेळ येत नाही. त्या अळ्या उबदार हवेत चार ते सहा आठवड्यांत बऱ्याचशा मरतात. पस्तीस दिवसांचा आकडा तिथून येतो. या अळ्या जास्त करून बुडाच्या दोन इंचांत असतात, म्हणून गवत बुडापर्यंत खाऊ द्यायचं नाही. आमच्या घरातलं माप सोपं आहे : गवत वीतभर झालं की आत, चार बोटं उरलं की बाहेर.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आटपाडीच्या बाजारातून मेंढ्या घेतल्या. वीस दख्खनी मेंढ्या, बहुतेक दोन आणि चार दाती, म्हणजे तरण्या, सरासरी साडेनऊ हजारांना. नर चौदा हजारांचा. टेम्पोचं भाडं अडीच हजार. फलटणच्या निंबकर संस्थेची जुळी देणारी नारी सुवर्णा घ्यावी, असं दोघांनी सुचवलं होतं. जात चांगली आहे, पण दोन कोकरांना पुरेल एवढं दूध येण्याइतकं खाद्य पहिल्याच वर्षी माझा माळ देईल याची मला खात्री नव्हती. एक कोकरू नीट वाढलं तरी पुरे, असा विचार केला.

१ जून २०२४ पासून कानात टॅग नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. त्यामुळं दिसायला चांगल्या अशा चार मेंढ्या सोडून द्याव्या लागल्या. टॅगवर बारा आकडी नंबर असतो. खरेदीच्या जागीच प्रत्येक नंबर वहीत उतरवा, विकणाऱ्याचं नाव आणि मोबाईल नंबर घ्या. नंतर पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन सरकारी नोंदीत मालक बदलून घ्यावा लागतो. नेट चालू असलेला दिवस आणि नोंदी करणारा माणूस हजर असलेला दिवस एक होईपर्यंत जून संपत आला. विमाही त्याच नंबरवर निघतो. पशुवैद्यकाचं आरोग्य प्रमाणपत्र, टॅग स्पष्ट दिसेल असा प्रत्येक मेंढीचा फोटो आणि हप्ता. टॅग हरवला तर दावा अडकतो, म्हणून टॅग पडला की त्याच दिवशी कळवायचं.

लसीकरणाचं वेळापत्रक मात्र पावसाआधी बसवायलाच हवं. कोवळं हिरवं गवत अचानक पोटात गेलं की आंत्रविषार होतो आणि संध्याकाळी चांगली दिसलेली मेंढी सकाळी मेलेली सापडते. आमच्याकडं १० जूनला पहिला डोस दिला, पंधरा दिवसांनी बूस्टर. पीपीआर या साथीच्या रोगाची लस मधल्या काळात झाली. जंतनाशक आल्या आल्या दिलं, कारण जूनअखेर नर सोडायचा होता. गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात काही जंतनाशकं, विशेषतः अल्बेंडाझोल, देऊ नयेत असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कोकरात व्यंग येऊ शकतं. दुकानातून बाटली आणून स्वतः पाजणाऱ्यांनी हे नक्की लक्षात ठेवावं.

पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लागला. माळ हिरवा झाला आणि तिथून खरी परीक्षा सुरू झाली. डोळ्यांसमोर गवत, वाड्यात मेंढ्या, आणि आपण त्यांना वाळका कडबा घालतोय. रोज कुणी ना कुणी विचारायचं. पण पहिला फुटवा मुळातल्या साठ्यावर येतो. तो तेव्हाच खाल्ला तर झाड थकतं आणि पुढची वाढ खुंटते. ८ जुलैला पहिल्या कप्प्यातलं गवत वीतभर झालं, तेव्हा मेंढ्या आत सोडल्या. आधीचे आठ दिवस हिरवा चारा थोडा थोडा वाढवत नेला होता, तरी पहिल्या दिवशी फक्त दोन तास चारल्या.

पहिली फेरी कुसळीच्या उतारावरून सुरू केली, हे मुद्दाम. कुसळी कोवळी असते तेव्हा मेंढ्या ती आवडीनं खातात. तीच आश्विनात पिकली की तिचं टोकदार बी लोकरीत शिरतं, लोकरीतून कातड्यात आणि कधी कधी खोल मांसात जातं. कोकरांच्या डोळ्यांत आणि तोंडात कुसळं जाऊन जखमा होतात. जुलैत आणि पुन्हा ऑगस्टमध्ये तो उतार चारून घेतला की फुलोरा निम्म्याहून कमी येतो. ऑक्टोबरमध्ये त्या कप्प्यांत पाऊल ठेवायचं नाही.

रोजचं काम असं बसलं. सकाळी दव वाळेपर्यंत मेंढ्या वाड्यातच, कारण ओल्या पात्यावर अळ्या वर चढलेल्या असतात. नऊच्या सुमारास सोडायच्या. तारांचा ठोका टेस्टरनं बघायचा, पिंप भरायचं आणि कामावर जायचं. दुपारी आल्यावर एक चक्कर. संध्याकाळी वाड्यात. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मागची जाळी काढून पुढच्याच्या पुढच्या कप्प्याला लावायची. दोघांना पाऊण तास, एकट्याला दीड. हे काम बिनमाणसाचं आहे, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. दिवसभर राखणं वाचतं, पण रोजचे दीड-दोन तास जातातच, आणि ते पावसात, चिखलात, सुतकातही जातात.

आमचे तात्या, म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, आयुष्यभर मेंढरांमागं हिंडलेले. ते पहिल्या फेरीत रोज कुपाटीबाहेर उभे राहायचे. दुसऱ्याच कप्प्याला म्हणाले, "आरं, गवात हाय की अजून. तोंडचा घास काढून घेतुयास व्हय मेंढरांच्या?" मी चार बोटांचा हिशेब सांगितला. ते म्हणाले, "मेंढराला बोटं मोजता येत न्हाईत." बरोबर आहे, म्हणून तर जाळी लावावी लागते. पण त्यांच्याकडून मला जे मिळालं ते कुठल्या कागदात नव्हतं. कुठली मेंढी लंगडतेय हे ते लांबून सांगायचे. शेजारच्या रानातल्या ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांना तोंड लावू द्यायचं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. त्यात विष असतं आणि मेंढी तासाभरात आडवी होते. त्या बाजूच्या कुपाटीला आणखी एक पदर त्यांनी स्वतः घातला.

ऑगस्टच्या सुरुवातीला आमच्या माळावर पाऊस थांबला. १६ ऑगस्टला दुसरी फेरी सुरू करायची होती. पहिल्या तीन-चार कप्प्यांत जुलैच्या ओलीवर गवत बऱ्यापैकी आलं होतं. सातव्याच्या पुढं मात्र आम्ही सोडताना जेवढं होतं तेवढंच. तात्यांसकट सगळ्यांचं म्हणणं होतं की जाळ्या काढ, सगळा माळ मोकळा कर, जिथं मिळेल तिथं खाऊ दे. गवत कमी पडलं की कुणालाही हेच सुचतं. मीही दोन रात्री त्याच विचारात होतो. पण कागदावर मांडलं की उलटं दिसतं. गवत वाढत नसताना फेरी लवकर संपवली, तर प्रत्येक कप्पा सावरण्याआधी पुन्हा खाल्ला जातो आणि पंधरा दिवसांत तेराच्या तेरा कप्पे बोडके होतात. वाढ थांबली की फेरी लांबवायची असते.

मग असं केलं. प्रत्येक कप्प्यात तीनऐवजी पाच दिवस राहायचं, आणि गवत पुरावं म्हणून संध्याकाळी वाड्यात कडबा आणि शेवरी-सुबाभळीचा पाला द्यायचा. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, तिच्यातल्या घटकानं लोकर झडते आणि जनावर खंगतं. कडब्याच्या शंभर पेंढ्या तीन हजारांना आणल्या. पाच दिवस राहिलं तर अळ्यांचं काय, हा प्रश्न डॉक्टरांना विचारला. ते म्हणाले, कोरड्या उन्हात लेंड्या दिवसभरात वाळतात, अळी तयारच होत नाही. पाऊस आला की मात्र लगेच तीन दिवसांवर या. हे सगळं लिहायला सोपं वाटतं. तेव्हा रोज आकाशाकडं बघताना डोक्यात सोन्याच्या कर्जाचा हप्ता असायचा.

पाऊस २४ ऑगस्टच्या रात्री आला. तेव्हा मेंढ्या दुसऱ्या कप्प्यात चौथ्या दिवसावर होत्या. सकाळी लगेच पुढं नेल्या, पण रात्रीच्या पावसात आम्ही नेमके मुक्काम लांबवलेल्या कप्प्यावर होतो, हे वहीत लाल शाईनं लिहून ठेवलं. पुढचे पंधरा दिवस माळ नुसता पळत होता. ज्या कप्प्यांना महिना-दीड महिना हात लागला नव्हता, ते सप्टेंबरच्या दहा तारखेच्या आसपास वीतभराच्या वर गेले. गावातल्या गायरानात तेव्हा मातीच दिसत होती. तात्या काही बोलले नाहीत, पण त्यानंतर जाळी हलवायच्या संध्याकाळी ते न बोलावता येऊ लागले. गवत पळायला लागलं की फेरीही पळवायची. त्या महिन्यात आम्ही काही कप्पे दोनच दिवसांत सोडले, नाहीतर शेवटच्या कप्प्यांतलं गवत निबर होऊन वाया गेलं असतं.

जंतांची भीती सप्टेंबरअखेर खरी ठरली, पण थोडक्यात निभावलं. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक मेंढीची खालची पापणी उलटून आतला रंग बघायचो. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेला पाच रंगांचा एक तक्ता आहे, फमाचा नावाचा. एक नंबर लालभडक, पाच नंबर पांढराफटक. चार-पाचला औषध द्यायचंच, गाभण मेंढी असेल तर तीनलाही. हे उजेडात बघायचं, वाड्याच्या सावलीत सगळेच डोळे फिके दिसतात. २८ सप्टेंबरला पाच मेंढ्या फिक्या निघाल्या आणि त्यातल्या एकीच्या जबड्याखाली पाण्यानं भरल्यासारखी सूज होती. पावसाची ती रात्र आणि हा दिवस यांत महिन्याभराचं अंतर होतं. अळी पोटात गेल्यावर तिची अंडी लेंड्यांत दिसायला तीन आठवडे लागतात, त्यामुळं हिशेब जुळत होता. लेंड्यांचे नमुने सकाळी सकाळी प्लास्टिकच्या पिशवीत, प्रत्येक मेंढीचा नंबर घालून दवाखान्यात नेले. अहवाल आला, डॉक्टरांनी गाभण मेंढ्यांना चालेल असं औषध वजनावर काढून दिलं. औषध पाचच मेंढ्यांना दिलं, सगळ्या कळपाला नाही. सरसकट पाजत राहिलं की औषधाला दाद न देणारे जंत तेवढे मागं उरतात आणि दोन-चार वर्षांत बाटली निकामी होते. सूज आलेली मेंढी दहा-बारा दिवस वाड्यातच ठेवली, शेंगदाण्याची पेंड आणि हिरवा पाला दिला. वाचली.

खुरांचा त्रास एकदाच झाला, बोळातल्या चिखलामुळं. बोळात मुरूम टाकला, झिंक सल्फेटच्या पाण्यात पाय बुडवले, आठवड्यात थांबलं. मोरचुदाचं पाणी मेंढ्यांनी प्यायलं तर तांब्याची विषबाधा होते, म्हणून ते वापरलं नाही.

ऑक्टोबरच्या मध्यावर राखून ठेवलेलं ओढ्याकाठचं गवत कापलं. फुलोरा येताच कापायचं, बी धरेपर्यंत थांबलं तर काडीच उरते. शेजाऱ्यांचा ठरलेला वाटा दिला. दोन मजूर, तीन दिवस, चार हजार मजुरी. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मेंढ्या पुन्हा काट्यावर घेतल्या. जुलैत सरासरी सत्तावीस किलो होती, आता साडेएकतीस. यातला किती भाग पोटातल्या कोकराचा हे सांगता येत नाही, त्यामुळं या आकड्यावर मी फार भाळलेलो नाही. गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात कोकरू झपाट्यानं वाढतं आणि माळावरचं गवत नेमकं तेव्हाच वाळायला लागतं. म्हणून दर मेंढीला रोज मूठ-दोन मुठी भरडा सुरू केला. पहिलं कोकरू २६ नोव्हेंबरला झालं. डिसेंबर संपेपर्यंत सतरा कोकरं झाली, त्यातलं एक थंडीत दगावलं. तीन मेंढ्या गाभण राहिल्याच नव्हत्या.

जनावरं सोडून या हंगामाचा खर्च, म्हणजे कुंपण, वाघूर, पिंप-पाइप, लस-औषध, विमा, कडबा, भरडा, मजुरी, एकूण पन्नास हजारांच्या थोडा खाली गेला. त्यातला निम्म्याहून जास्त पुढच्या वर्षी पुन्हा करावा लागणार नाही. उत्पन्न अजून काही नाही, कोकरं विकायला आणखी दोन-तीन महिने आहेत. लोकर कातरणाऱ्याला मेंढीमागं तीस रुपये दिले आणि ती लोकर घ्यायला कुणी आलं नाही. घोंगड्या विणणारे गावात होते तेव्हाची गोष्ट वेगळी होती.

पुढच्या जूनसाठी दोन कप्प्यांत स्टायलो या चाऱ्याच्या पिकाचं बी टाकायचं ठरवलंय, शेंगवर्गीय असल्यानं खाद्याला आणि जमिनीलाही बरं. वाघुरीचा आणखी एक अर्धा संच लागेल, कोकरं मोठ्या मेंढ्यांच्या एक कप्पा पुढं चारायची आहेत, म्हणजे कोवळा आणि स्वच्छ चारा आधी त्यांना मिळेल. महामेषच्या यादीत नाव अजून प्रतीक्षेतच आहे. कापलेलं गवत फेब्रुवारीअखेर पुरेल. त्यानंतरच्या तीन महिन्यांसाठी कडबा विकत घ्यावा लागणार. ज्वारी काढणीच्या वेळी भाव पडतो, म्हणून ओळखीच्या एका शेतकऱ्याला दोनशे पेंढ्यांची इसार आत्ताच देऊन ठेवलीय.